जास्वंदीचा लाल पांढऱ्या जमिनीवर का उतरतो? मोठ्या फुलांच्या सुती कपड्यांचा रंग जाण्यावर उपाय

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खानापूरकडच्या एक शिक्षिका तिसऱ्यांदा तीच कुर्ती घेऊन माझ्याकडे आल्या. पांढऱ्या जमिनीवर, म्हणजे फुलांमागच्या मोकळ्या कापडावर, तळहाताएवढी लाल जास्वंद, मधून फिरोजी पानं, कापड चांगलं जाडसर सुती. कापड त्यांनीच बाजारातून आणलेलं, शिवली मी. पहिल्या पावसाळ्यात काखेखाली गुलाबी झाक आली, दुसऱ्यात ती पाठीवर पसरली आणि यंदा पुढचा सगळा भाग फिक्कट गुलाबी झालेला. "वैनी, बघा की, परत तसंच झालंय. रात्रभर मिठाच्या पाण्यात घालून ठेवलो होतो मी," त्या म्हणाल्या.

ही तक्रार माझ्याकडे दर पावसाळ्यात येते. घरात घालायचा गाऊन, कॉलेजच्या मुलीची कुर्ती, लहानग्या पोरीचा फ्रॉक, चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जायचं ठरलं की मुलं घेतात तो फुलाफुलांचा शर्ट. कपडा कुठलाही असो, फूल मोठं, रंग भडक आणि जमीन पांढरी असली की दोन-तीन धुण्यांत तो निम्म्या किमतीचा दिसायला लागतो. आणि जवळपास प्रत्येकीने आधी मीठ करून पाहिलेलं असतं. म्हणून सुरुवात मिठापासूनच करते.

मीठ काय करतं

आमचं घर बेळगावच्या वडगावात. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा पट्टा विणकरांचा. माझे सासरे मागावर बसायचे आणि सुताच्या लडीही घरीच रंगवायचे. परसात तांब्याचा मोठा हंडा होता. पाणी तापलं की त्यात रंग विरघळवायचा, लडी काठीवर अडकवून आत सोडायच्या, उलट्यापालट्या करत राहायच्या. थोड्या वेळाने ते हंड्यात मूठमूठ मीठ टाकायचे. नवीन लग्न होऊन आले होते, मी विचारलं, मीठ कशाला? म्हणाले, "रंग पाण्यात रमतोय, त्याला सुताकडं ढकलायला नको?" आणि खरंच, मीठ पडलं की हंड्यातलं पाणी फिकं होत जायचं आणि लडी गडद.

आता हेच डोक्यात ठेवून त्या बाईंची बादली बघा. कुर्ती भिजली, लाल फुलांतला सुटा रंग पाण्यात आला. पाण्यात मीठ. मिठाने त्या रंगाला सुताकडे ढकललं. पण जवळचं सूत कुठलं? फुलाच्या शेजारची पांढरी जमीन. वर रात्रभर वेळ दिला. म्हणजे आपण रंग पक्का करायला गेलो आणि घरच्या घरी पांढरी जमीन गुलाबी रंगवून घेतली. पाणी कमी लाल दिसतं म्हणून मिठाचा गुण आला असं वाटतं. पाण्यातला तो रंग खरं तर कपड्यावर जाऊन बसलेला असतो.

व्हिनेगरचंही तसंच. आंबट पाण्यात रंग धरतो ही गोष्ट रेशमाची आणि लोकरीची. त्यांचे रंग वेगळे असतात. सुताला तिचा उपयोग नाही, उलट सुतावरच्या काही रंगांची पकड आंबटाने हळूहळू सैल होते. तुरटी कामाची आहे, पण मंजिष्ठा, हरडा असल्या झाडापाल्याच्या रंगांत, तीही रंगवायच्या वेळी. कारखान्यात छापून आलेल्या कापडाला घरी तुरटीच्या पाण्यात बुडवून काही बांधलं जात नाही.

एवढं एक जरी लोकांनी सोडलं, रात्रभर मिठात भिजवणं, तरी माझ्याकडे येणारे निम्मे कपडे वाचतील असं मला मनापासून वाटतं.

मोठंच फूल का त्रास देतं

बारीक बुट्टीच्या कापडाची अशी तक्रार फार येत नाही. कारण साधं आहे. छपाईत रंग पाण्यासारखा पातळ नसतो, गोंदासारख्या दाट खळीत कालवलेला असतो. फूल जेवढं मोठं आणि भरीव, तेवढी ती खळ जास्त बसते. सुतावर छापायला आज पुष्कळ ठिकाणी जो रंग वापरतात त्याला रिॲक्टिव्ह म्हणतात. हा रंग १९५६ साली बाजारात आला आणि त्याचा मोठा गुण असा की तो सोड्याच्या साहाय्याने सुताच्या धाग्याशी रासायनिक जोडच करतो. नुसता चिकटत नाही, त्याचाच होऊन जातो. म्हणून चांगला रिॲक्टिव्ह प्रिंट वर्षानुवर्षं टिकतो.

पण सगळाच रंग धाग्याला जोडला जात नाही. काही भाग खळीतल्या पाण्याशीच जोडला जातो आणि मग तो धाग्याला कधीच धरत नाही, नुसता मध्ये अडकून राहतो. हा वाया गेलेला रंग छपाईनंतर भरपूर थंड आणि मग गरम पाण्याने धुऊन काढणं हे कारखान्याचं काम. लहान कारखान्यांत रंग धाग्याला धरावा म्हणून छापलेल्या कापडावर सिलिकेटचा थर देऊन ते रात्रभर ठेवतात आणि मग धुतात; तिथे धुणं उरकतं घेतलं की कापडाला कडकपणा राहतो आणि सुटा रंगही राहतो. पाणी महाग, जळण महाग, त्यामुळे धुलाईच्या दोन फेऱ्या वाचवल्या जातात, आणि त्या आपल्या मोरीत येऊन पुऱ्या होतात.

फिरोजी रंगाबद्दल एक वेगळं सांगते. लालाला सगळे शिव्या देतात, पण मला जास्त भीती फिरोजी पानांची वाटते. त्या रंगाचा कण मोठा असतो, धुऊन लवकर निघत नाही. लालाचं पाणी चौथ्या वेळेला स्वच्छ आलं तरी फिरोजी थोडाथोडा येतच राहतो.

आधी ओळखा, मग बादली भरा

एकच उपाय सगळ्यांना चालत नाही. काही कपड्यांना गरम पाणीच लागतं आणि काही कपडे गरम पाण्याने कायमचे जातात. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं तपासण्यात घालवा.

पहिली तपासणी बोटाची. पांढऱ्या मलमलचा तुकडा तर्जनीला गुंडाळून सगळ्यात गडद फुलावर दहा वेळा घासा, आधी कोरडा, मग दुसरा तुकडा ओला करून. कोरड्यालाच रंग आला तर तो रंग धाग्यात शिरलेलाच नाही, वर बसलाय. मग फुलावरून नख फिरवा. फुलाची कड नखाला लागते का, फूल जमिनीपेक्षा ताठ लागतं का, आणि कापड उलटं केल्यावर फूल एकदम फिकं, जवळपास पांढरंच दिसतं का? तसं असेल तर तो पिगमेंट प्रिंट. पिगमेंट म्हणजे रंगाची भुकटी, डिंकासारख्या पदार्थाने कापडावर चिकटवलेली. त्याची कथा वेगळी, ती पुढे सांगते.

दुसरी तपासणी वाटीची, आणि ही मी कधीच चुकवत नाही. आतली शिलाई उघडून मायेतून, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेल्या जादा कापडातून, नखाएवढा तुकडा कापायचा, त्यात फूल आणि जमीन दोन्ही आली पाहिजे. मी शिवताना अर्ध्या इंचाची माया सोडते त्याचं एक कारण हेही. स्टीलच्या वाटीत हात पोळेल इतकं गरम पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, तो तुकडा आणि सोबत तेवढाच पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा. दहा मिनिटं चमच्याने हलवायचं. पाणी ओतून टाकायचं, नवं गरम पाणी, परत दहा मिनिटं. असं तीनदा.

पहिल्या वाटीत पाणी लालभडक, दुसऱ्यात गुलाबी, तिसऱ्यात नुसती झाक, आणि तुकड्यावरचं फूल जसंच्या तसं गडद? मग आनंदाची बातमी आहे. रंग चांगला आहे, फक्त कारखान्याने नीट धुतलेला नाही. तिन्ही वाट्यांत सारखंच लाल पाणी आणि फूल दर वेळी फिकं होत चाललंय? तो हलका रंग, बहुधा डायरेक्ट. तो धाग्याला जोडलेला नसतो, नुसता लगटून असतो. जितकं गरम धुवाल तितका निघत राहील.

तिसरं एक बघायचं, ते शिंपिणीने स्वतःलाच विचारायचं. रंग फुलाचाच जातोय ना? एका गाऊनचा गळा दर वेळी लाल होत होता आणि मी तीन दिवस प्रिंटला दोष देत बसले. शेवटी गळ्याची पायपिंग उसवून वाटीत टाकली तर सगळा रंग तिचाच. प्रिंट बिचारा स्वच्छ होता. तेव्हापासून अस्तर, पायपिंग, लेस, अगदी गडद दोराही मी आधी वाटीत घालून बघते. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडाला आपण हौसेने लावलेली लाल पट्टी ही आपली जबाबदारी आहे.

सुटा रंग काढायचा असेल तर

त्या खानापूरच्या कुर्तीचं हेच निघालं. तिसरी वाटी जवळपास स्वच्छ. म्हणजे इलाज उलटा: आजवर त्या थंड पाण्यात जपून, थोड्या पाण्यात, मीठ घालून धूत होत्या, त्याऐवजी गरम, भरपूर पाण्यात, मिठाशिवाय, भराभर.

मी केलं ते क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला तर बिघडतं. आधी थंड पाण्यात दोनदा खळबळून घेतली, न भिजवता. उरलीसुरली खळ आणि सोडा आधी थंड पाण्यात निघून गेला पाहिजे. सोडा राहिलेला असताना एकदम कढत पाणी घातलं तर चांगला बसलेला रंगही सैल होतो. मग मोठ्या बादलीत सहा लिटर उकळतं पाणी आणि चार लिटर थंड. त्याने साधारण सत्तर अंशांच्या आसपास ऊन येतं, थर्मामीटर लागत नाही. त्यात एक चमचा पातळ साबण, तो ब्लीच नसलेला. कुर्ती आत सोडली आणि लाकडी दांडक्याने दहा मिनिटं सतत हलवत राहिले. सतत म्हणजे सतत. फोन आला तरी नाही. कापड एका जागी घडी होऊन बसलं की फुलातला रंग समोरच्या पांढऱ्यावर ठसा उमटवतो.

दहा मिनिटांनी पाणी गुलाबाच्या सरबतासारखं झालं होतं. कुर्ती दांडक्यानेच उचलून लगेच दुसऱ्या बादलीतल्या साध्या गरम पाण्यात. मग परत साबणाचं गरम, परत साधं गरम. असं चार वेळा. दर वेळचं पाणी मी पांढऱ्या चिनीमातीच्या कपात घेऊन दारातल्या उजेडात बघत होते. तिसऱ्या फेरीला लाल थांबला, पण पाण्याला निळसर झाक राहिली, तीच ती फिरोजी. चौथ्या फेरीनंतर कप जवळपास पाण्यासारखा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीवरची गुलाबी झाकही सत्तर-ऐंशी टक्के निघाली होती, कारण ती त्याच सुट्या रंगाची होती, धाग्याला जोडली गेलेली नव्हती. ज्या वाटेने आली त्याच वाटेने गेली.

हे करायच्या आधी दोन सूचना. गरम पाण्याने सुती कापड आटतं. चव्वेचाळीस इंच लांबीची कुर्ती पाच टक्के आटली तरी दोन इंचांच्या वर जाते. म्हणून खालची मुडपण आधी उसवून ठेवा, मग धुवा, इस्त्री करा आणि नंतर परत मुडपा. आणि कापड खरंच सुती आहे का ते बघा. सुती म्हणून विकलेला बराच माल आज रेयॉनचा असतो, तो गोव्याचा शर्ट तर बहुतेक वेळा. रेयॉन सुळसुळीत, अंगावर झोकदार पडतं, पण ओलं झालं की त्याचा जीव निम्मा होतो. त्याला दांडक्याने ढवळायचं नाही, पिळायचं तर नाहीच.

डायरेक्ट रंग असेल तर

इथे मी गिऱ्हाइकाला आशा लावत नाही. थंड पाणी, थोडा वेळ, वेगळं धुणं, उलटं करून वाळवणं, एवढंच हातात आहे. रंगाच्या दुकानात डाय फिक्सर मिळतं, ते मात्र उपयोगी पडतं. कपड्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्के, म्हणजे पाव किलोच्या कुर्तीला पाच ते सात ग्रॅम, कोमट पाण्यात वीस मिनिटं. फुलाचा रंग किंचित बदलतो आणि उन्हात थोडा लवकर उडायला लागतो, हे आधीच सांगून ठेवावं.

पण एक चूक करू नका, कारण ती परत दुरुस्त होत नाही. जमिनीवर झाक आलेली असताना फिक्सर घालायचं नाही. फिक्सरला फूल आणि डाग यातला फरक कळत नाही. तो दोघांनाही सारखंच बांधतो. आधी जमीन जितकी स्वच्छ होईल तितकी करायची, मग फिक्सर. एक मुलगी इंटरनेटवर वाचून आधी फिक्सर घालून मग माझ्याकडे आली. तिच्या फ्रॉकच्या जमिनीवरचे गुलाबी ढग आता त्या कपड्याचेच झालेत. शेवटी आम्ही सगळा फ्रॉक फिक्या अबोली रंगात बुडवून काढला. लाल फुलं त्यावर शोभली, पण पांढरा गेला तो गेलाच.

ब्लीच आणि हायड्रो (रंग उडवणारी भुकटी) या दोन्हींना हात लावू नका. हायड्रो पांढऱ्या कपड्यावरचा डाग काढायला चांगलं, प्रिंटवर घातलं की डागाबरोबर फूलही जातं.

पिगमेंट प्रिंट

तो शेजारच्या पांढऱ्यात उतरत नाही, घासला जातो. घडीच्या रेघांवर, कोपरावर, मांडीवर पांढरे ओरखडे येतात. गेलेला रंग परत येत नाही. कपडा नवा असेल आणि अजून धुतलेला नसेल तर उलटीकडून सुती कापडाच्या आचेवर इस्त्री तीन-चार मिनिटं फिरवत ठेवते. कारखान्यात कमी भाजला गेलेला डिंक त्याने थोडा पक्का होतो. बऱ्याच कपड्यांत मला फरक दिसला आहे. पुढे ब्रश नाही, दगडावर आपटणं नाही, वडी चोळणं नाही, उलटा करून धुवा.

पाणी आणि पाऊस

आता आपल्याकडची गोष्ट. बेळगाव शहराला नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकल या धरणांचं येतं, ते गोडं, साबणाला छान फेस येतो. पण आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, मधल्या दिवसांत बोअरचं वापरतात. बोअरच्या जड पाण्यातल्या चुन्यामुळे साबण फुटतो, पांढरट साय येते, आणि तो सुटा रंग धाग्यातून नीट सुटून येत नाही. कपडा धुऊनही मळकट दिसतो आणि दोष रंगाला लागतो. म्हणून वर सांगितलेलं गरम धुणं नळ आलेल्या दिवशीच करा. पागोळीचं पाणी तर उत्तम. आमच्याकडे पावसाळ्यात पत्र्याखाली पिंप लावलेलं असतं, पहिला पाऊस वाहून जाऊ द्यायचा आणि नंतरचं धरायचं. त्या कुर्तीच्या चारही फेऱ्या पागोळीच्या पाण्यातच झाल्या.

पावसाने पाणी मिळतं, पण वाळवणं हातचं जातं. बेळगाव-खानापूरकडची झड ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. चार-चार दिवस कपडे दोरीवर गारच लागतात. या बाईंच्या कुर्तीचं पहिल्या वर्षी काखेतच का बिघडलं ते मी विचारत गेले तेव्हा कळलं: धुतली, पिळली, बादलीतच पिळा ठेवला, पाऊस थांबायची वाट बघत दुपार झाली. रंग उतरायला वाहतं पाणी लागतंच असं नाही. ओल्या कपड्याच्या दोन थरांत, एकावर लाल फूल आणि दुसऱ्यावर पांढरं, तीन-चार तास गेले की पुरे. मशीनच्या ड्रायरमध्येही हेच होतं. लाइट गेली, कपडे आतच राहिले, संध्याकाळी काढले तर डाग.

म्हणून असा कपडा धुवायचा तो एकटा आणि हातात अर्धा तास असताना. पिळायचा नाही, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. मग लगेच पसरायचा. पुढच्या आणि मागच्या भागाच्या मधे एक कोरडा टॉवेल किंवा जुनं धोतर घालायचं, म्हणजे पुढचं फूल पाठीला चिकटत नाही. हँगरला लावून पंख्याखाली टांगायचा, बाह्या मोकळ्या. थेंब जिथे साठतात त्या खालच्या काठावर सुरुवातीचा तासभर दोनदा टॉवेल दाबायचा, नाहीतर सगळा रंग ओघळून काठाला रेघ येते. ऑक्टोबरात ऊन पडलं की लोक हौसेने अंगणात टाकतात. तेव्हा उलटं करून, सावलीत. घामाने भिजलेला कपडा तसाच उन्हात टाकला तर लाल सगळ्यात आधी विटतो.

कापड घेतानाच

गणपतराय यायच्या आधी खडेबाजारात, गणपत गल्लीत खरेदीची झुंबड असते, तेव्हा कोणी वाटी घेऊन जात नाही हे मला माहीत आहे. पण हातरुमाल तरी असतो. त्याचा कोपरा ओला करून गडद फुलावर जरा जोर देऊन घासा. "बण्ण होगतैतेन्री?" असं कानडीत विचारा किंवा "रंग जातोय काय हो?" असं मराठीत, उत्तर दोन्ही भाषांत "छे, काही नाही" असंच येणार, रुमाल काय म्हणतो ते बघा. किंचित रंग आला तर घाबरू नका, नव्या गडद सुती कापडाला तेवढा येतो. रुमालावर फुलाचा तुकडाच उमटला तर ठेवून द्या.

कापडाच्या किनारीवर रंगांचे छोटे ठिपके किंवा चौकोन ओळीने छापलेले असतात, प्रत्येक रंगाच्या साच्याचा एक. फुलाची लाल कड आणि आतली गडद छटा नेमकी एकमेकांवर बसली आहे का ते त्या ठिपक्यांजवळ बघितलं की कळतं. जिथे छपाईच हलगर्जीने केली तिथे धुलाई नेटकी केली असेल असं मी धरत नाही. कापड हाताला खरखरीत, पापडासारखं लागलं तर खळ आत आहे, म्हणजे सुटा रंगही आत आहे.

आणि शिवायला टाकण्याआधी कापड धुऊन घ्या. मी आता मोठ्या फुलांचं कापड न धुता कापतच नाही, गिऱ्हाइकाला घाई असली तरी. कापड अखंड असताना गरम पाण्याच्या फेऱ्या सोप्या जातात, अस्तर नसतं, शिलाई नसते, आटलं तर आटून घेतं. आणि फुलं जुळवायची असतात ना! पाठीच्या मधोमध मोठं जास्वंद बसवायचं, दोन्ही बाजूंची पानं शिलाईवर जुळवायची, आणि पहिल्या धुण्यात कापड आटून तीच पानं एकमेकांवरून सरकायची, याचं मला फार वाईट वाटतं. अडीच मीटर कापडावर मी अर्धा-अर्धा तास फुलं लावत बसते.

त्या खानापूरच्या बाईंची कुर्ती मी पंख्याखाली वाळवून, मुडपण परत घालून चौथ्या दिवशी दिली. पुढचा भाग पांढरा झाला होता. उजव्या काखेखाली रुपयाएवढी गुलाबी झाक राहिली. तिथे पहिल्या वर्षीचा डाग होता, त्यावर दोन वर्षं इस्त्री फिरली होती, घाम बसला होता, तो निघाला नाही. उरलेलं कापड थोडं होतं. त्यातून एक फिरोजी पान कापून मी आतून नाही, वरूनच, बारीक टाक्यांनी त्या जागी लावलं. पान आधी वाटीत तीनदा धुऊन घेतलं होतं.